कोल्हापुरी साज : मिथक, कारागिरी आणि ‘डिझायनर’ दृष्टी

बाली बेटावरील चेलुक गावच्या चांदीकामातील नाग असो वा कोल्हापुरी साजातील मत्स्य-कूर्म, अलंकार हे मिथकाचे अंगावर वागविलेले रूप होय. प्रचलित समजुतीनुसार साजाच्या 21 पानांपैकी 10 दशावतारांची, 8 अष्टमंगलांची, 2 माणिक-पाचूची व 1 ताइताचे असते. पोकळ घडणीत लाख भरण्याच्या तंत्रामुळे थोडक्या सोन्यात ही मांडणी साध्य होत असे.

बारामती-इंदापूरच्या सराफी पेढ्यांपर्यंत पोहोचलेल्या ‘डिझायनर’ साजात मात्र दोन-चार पानेच निवडली जातात. मासा उरतो, अवतारक्रम लोपतो. केवळ संक्षेप हा दोष नव्हे, कमी पानांचे साजही परंपरेत आहेतच. प्रश्न असा की, निवडीमागील अर्थ घडविणाऱ्याला व लेणाऱ्या स्त्रीला ज्ञात आहे काय?

2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग सोन्याच्या शुद्धतेची हमी देते. घडविणाऱ्या हाताची नोंद त्या मुद्रेत नसते. म्हणूनच ‘परंपरेपासून प्रेरित’ या दाव्याचे मूल्यमापन केवळ आकृतिसाम्यावर करणे अपुरे ठरते. मिथकाचा क्रम व कारागिराचे श्रेय, या दोन्ही कसोट्यांवर न उतरणारा अलंकार सुंदर असेल, परंतु त्यास परंपरेचा वारस म्हणता येणार नाही.