‘लीलावती’तील विद्यार्थिनी आणि दंतकथेतील कन्या

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’विषयी मराठी वाचकास प्रथम जी माहिती होते ती बहुधा गणिताची नसते, एका टळलेल्या मुहूर्ताची असते. ज्योतिषी पित्याने कन्येच्या विवाहाचा क्षण साधण्यासाठी घटिकापात्र मांडले. ती कुतूहलाने त्यावर वाकली. तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडून त्याचे छिद्र बुजले. घटका भरलीच नाही आणि मुहूर्त निघून गेला. पुढे तिच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाचा ग्रंथ रचला. मुलींना गणिताची व विज्ञानाची गोडी लागावी या सद्हेतूने ही कथा सांगितली जाते. तो हेतू तिने कितपत साधतो, आणि भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या व तलावांच्या मुलखातील शाळेत मूळ ग्रंथ अधिक उपकारक ठरेल काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

‘लीलावती’ हा ग्रंथ शके १०७२ मधील, म्हणजे इ. स. ११५० चा. वरील कथा त्यात कोठेही नाही. तिचा प्रसिद्ध आढळ अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रास्ताविकात होतो. मध्ये चार शतकांहून अधिक काळ लोटलेला आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर व नातू चंगदेव यांचा उल्लेख येतो. परंतु लीलावतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. ती कन्या होती की केवळ कल्पिलेली शिष्या, हे सांगण्यास आधार नाही. ग्रंथात निश्चित आहे ते इतकेच की, उदाहरणे घालताना ग्रंथकार कधी ‘सखे’, कधी ‘मित्र’ असे संबोधितो, तसेच ‘बाले’ असेही संबोधितो, आणि उत्तर मागतो.

कथा आणि ग्रंथ यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. कथेतील कन्या यंत्राकडे पाहते. पात्रात पाणी कसे चढते हे जाणण्याची तिची इच्छा ही वस्तुतः विज्ञानाच्या विद्यार्थ्याची पहिली कृती आहे; परंतु कथेत तीच अनर्थाचे कारण ठरते. मुलगी जवळ आली की उपकरण बिघडते, असा ध्वनी त्यातून निघतो. पुढे गणित तिच्या वाट्यास येते तेही संसार हुकल्याची भरपाई म्हणून. अशी कथा ऐकणारी मुलगी लीलावतीविषयी हळहळेल. तिच्या जागी बसण्याची इच्छा मात्र धरणार नाही.

हा ध्वनी केवळ कथेपुरता राहिलेला नाही. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश देण्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रथम नकार दिला, तो त्या स्त्री असल्यामुळे. त्यांच्या आग्रहानंतर प्रवेश मिळाला, परंतु पहिले वर्ष चाचणीचे ठरले. त्याच विदुषीने १९३९ मध्ये वनस्पतींतील ‘सायटोक्रोम सी’वरील कार्याबद्दल केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. घटिकापात्रापासून कन्येला दूर ठेवणारी वृत्ती विसाव्या शतकाच्या प्रयोगशाळेच्या दारातही उभी होती, असे म्हणणे अवाजवी होणार नाही.

याचा अर्थ मूळ ग्रंथ सर्वस्वी निर्दोष आहे असा नव्हे. व्यस्त त्रैराशिकाच्या प्रकरणात सोळा वर्षांच्या स्त्रीचे मूल्य ३२ निष्क धरून वीस वर्षांच्या स्त्रीचे मूल्य काढावयास सांगितले आहे. उत्तर २५ निष्क व तीन पंचमांश येते. परंतु आजच्या वर्गात असे उदाहरण घालता येणार नाही. जो ग्रंथ मुलीला प्रश्न विचारतो, तोच स्त्रीचे मोल वयाच्या प्रमाणात उतरवितो. त्यामुळे त्याचे पूजन नव्हे, निवड करणे अवश्य आहे.

ही निवड करू लागताच भंडारा जिल्ह्याचा संबंध येतो. ‘राशिव्यवहार’ या प्रकरणात सपाट भूमीवरील धान्याच्या राशीची उंची घेरावरून काढण्याचा नियम आहे. स्थूल धान्याची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक दाण्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी. साळ या तिसऱ्या वर्गात मोडते. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणले की घनफळ मिळते. खळ्यावर १८ हात घेराची धानाची रास असेल, तर उंची २ हात व घनफळ १८ घनहस्त येईल.

या साध्या हिशेबात बरेच विज्ञान साठलेले आहे. नवव्या भागाच्या नियमाने राशीचा उतार सुमारे ३५ अंशांचा येतो. खरबरीत टरफलाचे दाणे परस्परांना अडतात, म्हणून ती रास गुळगुळीत दाण्यांच्या राशीपेक्षा उभी राहते. हा घर्षणाचा धडा होय. शिवाय घनफळाच्या नियमात परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे, त्यामुळे उत्तर सुमारे पावणेपाच टक्क्यांनी अधिक येते. दोरी व माप हाती घेणाऱ्या मुलीस ही चूक स्वतः शोधता येईल. आचार्यांची चूक काढण्याचा अधिकार ज्या विद्यार्थिनीस मिळाला, तिला निराळे उत्तेजन क्वचितच लागेल.

‘खातव्यवहारा’चेही तसेच. खोदलेल्या जागेची लांबी, रुंदी व खोली अनेक ठिकाणी मोजून त्यांच्या बेरजेस ठिकाणांच्या संख्येने भागावे, असे तेथे सांगितले आहे. कोहळी समाजाच्या कौशल्याने उभ्या राहिलेल्या माजी मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात शेतातल्या बोडीवर हा प्रयोग करता येतो. एक मोजमाप पुरेसे नसते, ही प्रयोगशाळेतील पहिली शिकवण तेथेच मिळते.

मुलींसाठी निराळा, सोपा अभ्यासक्रम असावा ही कल्पना हंसा मेहता समितीने नाकारली, आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांस आवश्यक मानले. तत्त्वतः दार उघडले गेले. मात्र ज्या गावाजवळ विज्ञानशाखेचे कनिष्ठ महाविद्यालय नाही, तेथील मुलीची वाट दहावीनंतर अडते. ती अडचण कोणत्याही कथेने, अथवा कोणत्याही ग्रंथाने, दूर होणारी नाही. परंतु त्या वाटेवर जाण्याची इच्छा आधी निर्माण व्हावी लागते. त्यासाठी टळलेल्या मुहूर्ताची कथा वर्गात सांगावयाचीच असेल, तर तिच्यासोबत एक प्रश्न अवश्य विचारला जावा: मोती अडकल्यावर पात्र बुडाले का नाही? त्याचे उत्तर देणारी मुलगी ग्रंथातील ‘बाले’ या संबोधनाची खरी अधिकारी होय.