आरमाराची सुरुवात डोंगरात

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर दोन मुलं थांबली होती. कादंबरी लिहितायत, एका काल्पनिक आरमारी साम्राज्याची. वहीत नकाशा काढलेला. निळा उपसागर, काठावर राजधानी, बंदरात शेकडो जहाजं. मी एवढंच विचारलं, ‘लाकूड कुठून आणता?’ दोघंही गप्प. म्हणून आज हाच विषय घेतो.

या मुलांच्या आधी प्लेटोनं हाच नकाशा काढलाय. ‘क्रिटियस’ या संवादातलं अटलांटिस. तिथं हिशेब चोख आहे, बरं का. मैदानाचे 60,000 भाग, प्रत्येक भागानं चार खलाशी द्यायचे. झाले 2,40,000. जहाजं 1,200. म्हणजे जहाजामागे 200 माणसं, ग्रीकांच्या वल्ह्यांच्या लढाऊ जहाजावर साधारण तेवढीच असत. गणित तंतोतंत जुळतं. तरी अटलांटिस खरं का वाटत नाही?

माझं उत्तर असं आहे : तिथं कशाचीच वाण नाही. जंगल मुबलक, धातू मुबलक, वर्षाला दोन पिकं, वर हत्तीसुद्धा! जिथं काही कमी नाही तिथं राजाला काही ठरवावं लागत नाही. आणि ज्याला काही ठरवावं लागत नाही, त्या राज्याला स्वभाव येत नाही; उरते ती नुसती यादी.

गंमत म्हणजे प्लेटोला हे कळत होतं. म्हातारपणी लिहिलेल्या ‘लॉज’मध्ये तो पुन्हा एक नगर वसवतो, समुद्रापासून 80 स्टेडिया आत, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर. बंदरं चांगली आहेत, पण जहाजाला लागणारं लाकूड जवळपास फारसं नाही. यावर त्याचा अथेन्सचा म्हातारा हळहळत नाही, त्याला बरंच वाटतं. लाकूड नाही, तर आरमाराचा मोहही नाही! एका उणिवेनं त्या नगराची नीती ठरली. अटलांटिसच्या सगळ्या वैभवाला हे जमलं नाही.

आता आपल्या दाराशी या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर आरमार उभं राहू लागलं. सगळं आधीच योजलेलं होतं असा माझा दावा नाही. पण क्रम बघा : आधी घाट आणि जंगल, मग खाडी. राज्याभिषेक झाला 1674 मध्ये, तोही रायगडावर. लाटा आपटतात अशा किनाऱ्यावर नव्हे.

आणि उणिवा? भरपूर. जंजिरा सिद्दीकडेच राहिला. जहाजबांधणीला आलेले पोर्तुगीज कारागीर काम सोडून गेले. पण या अडचणींतूनच निर्णय निघाले : 1664 मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं, 1679 मध्ये खांदेरी. नकाशावरच्या या जागा कुणी सुंदर दिसतात म्हणून निवडल्या नाहीत. शत्रू कुठं बसलाय, हे पाहून निवडल्या.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आहे. आरमाराला लाकूड हवंच. पण आंबा-फणसाला हात लावू नये, असं ते बजावतात. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. म्हणजे राज्याला लाकूड हवंय आणि झाडाखाली एक माणूस उभा आहे, ज्याला ‘नाही’ म्हणता येतं. प्लेटोच्या 2,40,000 खलाशांमध्ये असा माणूस एकही नाही.

कुणी म्हणेल, ‘सर, गोष्टच आहे ती, एवढा हिशेब कशाला?’ रास्त आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते कवीनं न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट पसंत करावी. मी कुठं हिशेब मागतोय? हिशेब तर अटलांटिसचाही जुळतो. मी मागतोय ती किंमत. जहाज कुणाच्या झाडाचं, वल्ह्यावर कोण, त्याच्या घरी भात कोण लावतंय? डोंगर उघडा पडला की माती वाहून येते, खाडी भरते, बंदर उथळ होतं. म्हणजे आरमार स्वतःचंच बंदर खाऊ शकतं. नदी वरच्या अंगाची सगळी बाकी खाली आणून टाकते, हे 2021 च्या जुलैचा पूर पाहिलेल्या महाडकरांना मी काय सांगणार?

तेव्हा त्या दोन मुलांना माझा सल्ला सोपा आहे. राजधानी नंतर काढा. आधी पोलादपूरच्या वरच्या अंगाला जा, एक झाड निवडा आणि ते कुणाचं आहे ते ठरवा. मग नदीबरोबर खाली उतरा. समुद्रापर्यंत पोचाल तेव्हा साम्राज्य आपोआप तयार झालेलं असेल, आणि ते टिकावं की बुडावं हेही तुम्हाला कळलेलं असेल.