पाचशे झोपलेले कैदी

'लॉकआऊट'ची सुरुवातीची दोन-तीन मिनिटं मी आजवर किमान दहा वेळा पाहिली असतील. स्नो नावाचा माणूस खुर्चीत बसलाय. समोरचा अधिकारी प्रश्न विचारतो. स्नो उत्तराऐवजी एक कुजकट टोमणा मारतो. शेजारी उभा असलेला आडदांड गडी त्याच्या थोबाडात ठेवून देतो. चेहरा पडद्याबाहेर फेकला जातो आणि त्या रिकाम्या जागेत श्रेयनामावलीतलं एक नाव उमटतं. चेहरा परत येतो. पुन्हा प्रश्न, पुन्हा टोमणा, पुन्हा ठोसा, पुन्हा नाव. एक खुर्ची, एक नट, एक मूठ. खर्च जवळपास काहीच नाही, पण या माणसाबद्दल जे कळायला हवं ते सगळं कळतं: मार खाईल, पण तोंड बंद ठेवणार नाही.

मग थोड्याच वेळात मोटरसायकलचा पाठलाग येतो आणि सगळं ओमफस्स होतं. भविष्यातलं शहर, चकचकीत रस्ते, सुसाट गाडी, आणि एकाही गोष्टीला वजन नाही. जुन्या व्हिडिओ गेममध्ये दोन लेव्हलच्या मधे लागणारी क्लिप वाटावी इतकं खोटं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा रूममेटने मान वर करून विचारलं होतं, "काय खेळतोयस?"

२०१२च्या या सिनेमाची गंमत आणि गोची या दोन प्रसंगांत आहे. जिथे पैसे नव्हते तिथे डोकं चाललं. जिथे पैसे असल्याचा आव आणला तिथे आपटला.

गोष्ट थोडक्यात अशी. साल २०७९. पृथ्वीभोवती फिरणारं 'एमएस वन' नावाचं तुरुंग. आत पाचशे अत्यंत धोकादायक कैदी, सगळे गाढ कृत्रिम झोपेत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी एमिली तिथे पाहणीला जाते, कारण या झोपेने कैद्यांच्या मेंदूवर परिणाम होतोय आणि त्यांच्यावर कोणीतरी प्रयोग करतंय असा तिला संशय आहे. मुलाखतीसाठी जागा केलेला हायडेल तिच्या अंगरक्षकाचं लपवून आणलेलं पिस्तूल पळवतो. बंदुकीच्या धाकाने सगळे कैदी जागे केले जातात. मग न केलेल्या गुन्ह्यासाठी ३० वर्षांची शिक्षा झालेल्या स्नोला सौदा मिळतो: मुलीला सोडवून आण.

(ज्या यंत्रणेत एका घाबरलेल्या ऑपरेटरला पाचशे कैदी एकदम मोकळे करता येतात, तिचा डिझाईन रिव्ह्यू कोणी केला होता हे मला जाणून घ्यायला आवडेल. आमच्याकडे साधा डेटाबेस उडवायचा तरी दोन माणसांची परवानगी लागते.)

ही गोष्ट कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत असेल, तर बरोबर आहे. जॉन कार्पेंटरच्या १९८१च्या 'एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क'मध्ये अख्खं मॅनहॅटन बेट हेच तुरुंग आहे. राष्ट्राध्यक्षांचं विमान तिथे कोसळतं आणि स्नेक प्लिस्किन नावाच्या, एकेकाळी देशासाठी लढलेल्या गुन्हेगाराला सुटकेच्या बदल्यात आत पाठवलं जातं. स्नेक आणि स्नो. नावंसुद्धा एकाच अक्षराने सुरू होतात.

कार्पेंटरने फ्रान्समध्ये दावा लावला, कारण 'लॉकआऊट' ल्यूक बेसाँच्या फ्रेंच कंपनीचा. २०१५मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि ८० हजार युरोंची भरपाई ठरवली. पुढच्या वर्षी अपिलात हा आकडा साडेचार लाखांवर गेला. न्यायालयाने साम्यांची यादीच केली: देशाची सेवा करूनही शिक्षा झालेला उद्धट नायक, राष्ट्राध्यक्ष किंवा त्यांच्या मुलीची सुटका, चोरून आत उतरणं, जुना साथीदार भेटणं आणि त्याचं मरणं, शेवटी गुप्त माहिती नायकाच्याच हातात राहणं. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर कोणाच्याच मालकीची नाही. त्याच क्रमाने एकत्र आली की मात्र तो योगायोग राहत नाही.

आमच्या धंद्यात हा फरक रोजचा आहे. दुसऱ्याचा ओपन सोर्स कोड घेऊन त्यावर आपलं काही उभं करणं यात लाज नाही, जगातलं अर्धं सॉफ्टवेअर असंच चालतं. अट एवढीच की मूळ लेखकाचं नाव आणि परवाना तसाच ठेवायचा. व्हेरिएबलची नावं बदलून वर आपलं नाव टाकलंत की ती चोरी.

कार्पेंटरनेही उसनवारी केलीच आहे. त्याचा १९७६चा 'असॉल्ट ऑन प्रीसिंक्ट थर्टीन' हॉवर्ड हॉक्सच्या 'रिओ ब्राव्हो'वर उभा आहे. पण त्या सिनेमाचं संकलन त्याने स्वतः केलं आणि श्रेयनामावलीत संकलक म्हणून नाव दिलं 'जॉन टी. चान्स'. हे 'रिओ ब्राव्हो'तल्या जॉन वेनच्या पात्राचं नाव. म्हणजे ऋण पडद्यावर जाहीर मांडलं. उलट 'लॉकआऊट'च्या श्रेयनामावलीत काय येतं? मूळ कल्पना: ल्यूक बेसाँ. बेसाँचा सहभाग असलेल्या 'टेकन'मध्ये जिला पळवून नेतात ती मॅगी ग्रेसच इथे एमिली आहे, हे कळल्यावर 'मूळ' या शब्दाचं आणखीच हसू येतं.

पण चोरी हा या सिनेमावरचा माझा मुख्य आक्षेप नाही. तो पुढे येतो. आधी पैशांचं बोलू, कारण 'बजेट नव्हतं हो' ही सबब अशा सिनेमांच्या बाजूने नेहमी दिली जाते.

'लॉकआऊट'चं बजेट होतं साधारण २ कोटी डॉलर. त्याच वर्षीच्या 'दि अव्हेंजर्स'चं याच्या दहापटीहून जास्त होतं, तेव्हा सबब खोटी नाही. पण 'एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क' झाला सुमारे ६० लाखांत. त्यात एक प्रसंग आहे: स्नेक ग्लायडरमधून रात्रीच्या मॅनहॅटनवर उतरतोय आणि त्याच्या स्क्रीनवर इमारतींचे हिरव्या रेषांचे सांगाडे सरकताहेत. १९८१मध्ये अशी कॉम्प्युटर ग्राफिक्स करणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी शहराचं काळं मॉडेल बनवलं, इमारतींच्या कडांना चमकणारी पट्टी चिकटवली आणि त्यावरून कॅमेरा फिरवला. कॉम्प्युटरचं चित्र, कॉम्प्युटरशिवाय! स्पेशल इफेक्ट्सच्या त्या टीममध्ये जेम्स कॅमेरॉन नावाचा एक पोरगाही होता. उद्ध्वस्त न्यू यॉर्कसाठीही त्यांनी सेट उभारला नाही. सेंट लुईस परिसरात १९७६च्या आगीत जळालेल्या वस्त्या होत्या, तिथे रात्री जाऊन शूटिंग केलं.

गरिबी त्यांनी लपवली नाही, तिची रचना केली. अंधार परवडतो ना? मग गोष्ट रात्रीची. 'लॉकआऊट'कडे ठोशांच्या प्रसंगात हेच शहाणपण आहे. तुरुंगाच्या गल्ल्याही स्वस्तात छान जमतात: लोखंड, निळा उजेड, अरुंद जागा. पण बाहेर अवकाश दाखवायची वेळ आली की दिग्दर्शकद्वय जेम्स मॅथर आणि स्टीफन सेंट लेजर यांना मोठ्या सिनेमांसारखं दिसायचा मोह होतो, आणि तिथेच गरिबी उघडी पडते.

विज्ञानाबद्दल मी तक्रार करणार नव्हतो, पण राहवत नाही. या सिनेमात तुरुंगाचा ताबा सुटतो आणि ते बघता बघता कक्षेतून घसरत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आदळतं. खरं अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेच्या घर्षणाने ते खाली येतं खरं, पण हळूहळू. त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं, दर तासाला नाही. शेवटी स्नो आणि एमिली स्पेससूट घालून पृथ्वीवर उडी मारतात आणि पॅराशूटने रस्त्यावर उतरतात. कक्षेतून उडी मारली म्हणून कोणी खाली पडत नाही. तुमचा वेगही स्थानकाइतकाच, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर, त्यामुळे तुम्हीही त्याच्या शेजारी गरगर फिरत राहता. फेलिक्स बॉमगार्टनरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ३९ किलोमीटरवरून उडी मारली, पण तो फुग्यातून गेला होता, त्याच्यापाशी तो वेग नव्हता. कक्षेतल्या वेगाने वातावरणात शिरलात तर पॅराशूट उघडायला कोणी उरणार नाही.

असो. थरारपटाला हे माफ. माफ नाही ती दुसरी गोष्ट.

'लॉकआऊट'कडे एक कल्पना खरोखर स्वतःची होती. अंतराळ नव्हे, अंतराळ म्हणजे अजून लांबचं बेट. लांबचं तुरुंग आपल्याला नवं नाही. अंदमानचं सेल्युलर जेल १९०६मध्ये पुरं झालं. मधे एक मनोरा, सात बाजूंना सात लांब इमारती, प्रत्येक कैद्याला वेगळी कोठडी. 'काळं पाणी' या दोन शब्दांत मराठी माणसाच्या मनात अंतर, समुद्र आणि कोलू हे सगळं एकदम उभं राहतं. पण तिथल्या कैद्याला प्रत्येक दिवस मोजावा लागत होता. 'एमएस वन'मध्ये दिवसच नाहीत. ३० वर्षं झोपायचं आणि उठायचं. कैद्याला ती एका रात्रीसारखी. मग शिक्षा नेमकी कोणाला झाली? बाहेर वाट बघत म्हाताऱ्या होणाऱ्या आईला?

आणि त्याहून अवघड प्रश्न: झोपलेला माणूस तक्रार कशी करणार? १९७९मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही, छळ होत असलेल्या दुसऱ्या कैद्यासाठी. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं, आणि तुरुंगात गेल्यावरही माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत हे ठणकावून सांगितलं. हे घडलं कारण एका कैद्याने बाजूचा आवाज ऐकला आणि त्याच्या हातात कागद होता. 'एमएस वन' हे असं तुरुंग आहे जिथून असं पत्र कधीच येणार नाही. ना दंगा, ना उपोषण, ना अपील. प्रशासनाच्या दृष्टीने याहून आदर्श कैदी कोणता? आणि प्रयोग करायचेच असतील, तर याहून सोयीचं शरीर कोणतं?

सिनेमाला हे ठाऊक होतं. एमिली त्यासाठीच तर वर गेली. झोपेने डोकं फिरलेला स्नोचा साथीदार मेस आपल्याला दिसतो, तो स्वतःचं नीट सांगूही शकत नाही. म्हणजे पुरावा पडद्यावर आहे. पण पिस्तूल हिसकावलं जातं त्या क्षणापासून कैदी हे माणूस राहतच नाहीत. ते आरडाओरडा करणारा जमाव होतात, गोळ्या संपवायला ठेवलेली टार्गेट्स. आता हायडेल झालेला जोसेफ गिल्गन पाहा. एक डोळा निकामी, तोंडात न थांबणारी बडबड, क्षणात हसू आणि क्षणात खून. अख्ख्या सिनेमात गाय पीअर्सनंतर हाच नट लक्षात राहतो. पण हा माणूस मुळात असाच होता, की झोपेने असा केला? हा प्रश्न एकदा जरी कोणी विचारला असता, तर त्याच्याकडे बघताना भीतीसोबत दुसरंही काही वाटलं असतं.

स्नेक प्लिस्किन हे विचारतो. सुटकेनंतर तो राष्ट्राध्यक्षांना विचारतो, तुमच्यासाठी जे मेले त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? गुळमुळीत उत्तर येतं. मग स्नेक शांतपणे टेप बदलतो आणि ज्या व्यवस्थेसाठी हे सगळं झालं तिचीच फजिती करतो. बेसाँ आणि मंडळींनी सांगाडा उचलला, पण हा प्रश्न तिथेच ठेवला. इथे शेवटी खरा फितूर सापडतो, स्नो निर्दोष ठरतो, मुलगी आणि तो एकमेकांना टोमणे मारत चालू लागतात. तुरुंगात प्रयोग होत होते का, कोणाच्या सांगण्यावरून, उरलेल्या पाचशेंचं काय? तुरुंगासोबत प्रश्नही जळून गेले.

माझा खरा आक्षेप हा आहे. जे दुसऱ्याचं होतं ते यांनी शेवटच्या थेंबापर्यंत वापरलं, आणि जे स्वतःचं होतं ते अर्ध्या तासात टाकून दिलं. साडेचार लाख युरो कार्पेंटरच्या बाजूला मिळाले. या दुसऱ्या नुकसानीचा दावा कोणत्या कोर्टात लावायचा?

तरी मी म्हणेन, बघा. दीड तासाचा सिनेमा आहे, लोकलच्या दोन फेऱ्यांत संपेल. पीअर्सचे टोमणे ऐकायला बघा. फक्त दंगल सुरू व्हायच्या आधी, एमिली काचेपलीकडच्या हायडेलशी बोलते तिथे एकदा पॉझ करा. तिच्यामागे रांगेने पाचशे माणसं झोपली आहेत. सिनेमा आता त्यांना उठवेल आणि विसरेल. आपण नको विसरूया.