विनोदी प्रेमकथा : कोणाच्या हातीं कोणती द्यावी?

कादंबरीच्या दुनियेंत विनोदी प्रेमकथेची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. तिला वाचक नेहमींच भरपूर मिळतात. परंतु आपण तिचे वाचक आहोंत हें चारचौघांत सांगण्याची ज्याला लाज वाटत नाहीं असा मनुष्य विरळा. प्रवासांत, आजारपणांत, परीक्षा संपल्यावर ती चालते. पण दिवाणखान्यांतील कपाटांत शोकांत कादंबऱ्यांना दर्शनी जागा मिळते व ही बिचारी मागल्या रांगेंत जाते. ह्याचें कारण म्हणून जें सांगण्यांत येतें तें असें, कीं हिचा शेवट पहिल्या पानापासूनच ठाऊक असतो. नायक-नायिका एकमेकांशीं भांडलीं कीं त्यांचें लग्न होणार, हें शेंबडें पोरही सांगेल. मग वाचावयाचें काय?

आक्षेप खरा आहे, आणि आमच्या मतें ह्या प्रकाराच्या मोठेपणाचा पायाही तोच आहे. काय होणार हें एकदां ठरून गेलें म्हणजे लेखकाला वाचकाचें औत्सुक्य दुसऱ्याच गोष्टीवर खिळवावें लागतें : हीं दोन माणसें एकमेकांना लायक कशीं होतात? चांगल्या विनोदी प्रेमकथेंत हंसूं येतें तें माणसाच्या स्वतःविषयींच्या गैरसमजाचें. आणि तो फिटल्यावांचून लग्न लागत नाहीं. हा कस लावला तर बाजारांतील बहुतेक पुस्तकें गळून पडतात. कारण त्यांतील गैरसमज हरवलेल्या पत्राचा किंवा अर्धवट ऐकलेल्या संभाषणाचा असतो. रंगभूमीवर हें शोभतें. देवलांच्या १९१६ सालच्या ‘संगीत संशयकल्लोळा’नें तसबिरीच्या एका घोटाळ्यावर महाराष्ट्राला पोट धरधरून हंसविलें आहे. पण नाटकाचा पडदा त्याच रात्रीं पडतो. कादंबरी आठवडाभर उशाशीं असते. दोन वाक्यांत मिटणारा घोटाळा तीनशें पानें लांबविणारा लेखक वाचकाच्या सौजन्याचा फायदा घेतो.

ज्यानें ह्या प्रकाराला अजून हात लावलेला नाहीं त्यानें जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’पासूनच आरंभ करावा. ही सूचना नवी नाहीं, व नवी सूचना देण्याचा आमचा हट्टही नाहीं. १८१३ सालीं हें पुस्तक लेखिकेच्या नांवावांचून प्रसिद्ध झालें. त्याचे हक्क तिनें ११० पौंडांस विकले होते. पहिल्या खर्ड्याचें नांव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’, म्हणजे प्रथमदर्शनीं बनलेलीं मतें, असें होतें. अर्धा तास कांदेपोहे खाऊन जन्माच्या जोडीदाराविषयीं मत ठरविणाऱ्या आमच्या समाजास त्या जुन्या नांवाचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. वीस वर्षांची एलिझाबेथ स्वतःला माणसांची मोठी पारखी समजते. नाचाच्या समारंभांत डार्सी तिच्याविषयीं तुसडेपणानें बोलला, म्हणून तो वाईट. विकम गोड बोलतो, म्हणून तो चांगला. कथेच्या ऐन मध्यावर डार्सी तिला मागणी घालतो, ती त्याला झिडकारते, आणि दुसऱ्या दिवशीं तो आपलें पत्र तिच्या हातीं देतो. तें पत्र ती पुनःपुन्हा वाचते तो भाग नव्या वाचकानें सावकाश वाचावा. तेथें प्रेम नाहीं, विनोदही जवळजवळ नाहीं. आपल्या हुशारीचा अभिमान बाळगणारी एक मुलगी रस्त्यानें एकटीच येरझारा घालीत आपला आंधळेपणा स्वतःशीं कबूल करते.

तिच्या वडिलांविषयीं मात्र आमचें मत वयाबरोबर पालटलें. प्रथम वाचतांना बेनेटसाहेब आम्हांस फार प्रिय होते. बायकोच्या मूर्खपणाची ते जी थट्टा करतात तिला तोड नाहीं. पण घरांत पांच मुली, वर्षाचें उत्पन्न दोन हजार पौंड, आणि आपल्यामागें सारी मिळकत पुरुषवारस म्हणून एका दूरच्या नातलगाकडे जाणार, अशा स्थितींत हा गृहस्थ शिल्लक टाकीत नाहीं, धाकट्या मुलींना वळण लावीत नाहीं. पुस्तकांच्या खोलींत बसून हंसतो. जेमतेम सोळा वर्षांची लिडिया विकमबरोबर पळून जाते, तेव्हां त्या हंसण्याची भरपाई साऱ्या घराला करावी लागते. विनोदी लेखिकेनें आपल्या पुस्तकांतील सर्वांत विनोदी माणसावरच असा ठपका ठेवावा, ह्याला धैर्य लागतें.

एकदां आमच्या हातून ह्या बाबतींत चूक झाली. कॉलेजांत जाणाऱ्या पुतणीला आम्ही एकदम ऑस्टिनची ‘एमा’ दिली, कारण ती आमच्या विशेष आवडीची. चार दिवसांनीं पुस्तक परत आलें. “काका, ह्यांत कांहीं घडतच नाहीं,” असा अभिप्राय मिळाला. मग ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ दिलें, तें दोन रात्रींत संपलें, आणि पुस्तक परत करतांना तिनें एवढेंच विचारलें, “शार्लटचें काय चुकलें?”

शार्लट ही एलिझाबेथची मैत्रीण. वय सत्तावीस, रूप नाहीं, पैसा नाहीं. ज्या कॉलिन्सला एलिझाबेथनें हंसण्यावारी नेलें, त्याच्याशीं ही तीन दिवसांच्या आंत लग्न ठरविते. एलिझाबेथ तिच्यावर रागावते. पुस्तक मात्र पुरतें रागावत नाहीं. स्वतःचें घर, दारांतल्या कोंबड्या, आणि नवऱ्याला बागकामांत गुंतवून ठेवण्याची युक्ति, एवढ्या भांडवलावर शार्लट संसार थाटते. आम्हांस पुतणीच्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. लग्न हेंच ज्या काळीं बहुतेक कुलीन स्त्रियांच्या उपजीविकेचें साधन होतें, त्या काळीं मन मानत नाहीं म्हणून नकार देणें ही चैन होती. एलिझाबेथला ती पचली, हा अंशतः लेखिकेचा अनुग्रहच म्हणावयाचा. तेव्हांपासून कोणतीही विनोदी प्रेमकथा हातीं आली, कीं हिच्यांत शार्लट कोठें आहे हें आम्ही शोधूं लागतों. ती नसली म्हणजे पुस्तक नुसतें गोड राहतें.

आतां ‘एमा’विषयीं. १८१५ च्या अखेरीस निघालेली ही कादंबरी मुरलेल्या वाचकासाठींच आहे, आणि खरें म्हणजे ती दुसऱ्यांदा वाचण्यासाठीं आहे. एक तरुण गृहस्थ निव्वळ केस कापून घेण्यासाठीं सोळा मैलांवरच्या लंडनला जातो. गांव त्याच्या नटवेपणाला हंसतें, आणि आपणही हंसतों. दुसऱ्या वाचनांत तेंच पान समोर आलें म्हणजे आपण एमाइतकेच कसे फसलों होतों हें ध्यानांत येतें. तें कसें, हें येथें सांगणें अन्यायाचें होईल. बॉक्स हिलवरील सहलींत एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सला एक चुरचुरीत टोमणा मारते, तो प्रसंगही असाच. टोमणा खरोखरच चांगला आहे. वाचक हंसतो, आणि लगेच नाइटलीच्या तोंडून त्याचीही खरडपट्टी निघते.

विसाव्या शतकांतील लेखिकांत जॉर्जेट हेअर हिला समीक्षकांनीं बरेंच उपेक्षिलें. तिचीं सारींच पुस्तकें जपून ठेवण्याजोगीं नाहींत. पोशाखांचीं आणि गाड्यांचीं वर्णनें कंटाळा येईपर्यंत चालतात. पण १९५३ ची ‘कोटिलियन’ अवश्य मिळवावी. तिची गंमत अशी, कीं ती नवशिक्याला अर्धीच कळते. ज्यानें अशा दहा-पांच कथा वाचल्या आहेत तो नायक कोण हें पहिल्या प्रकरणांतच ठरवून मोकळा होतो, आणि लेखिका त्याच्या ह्या जाणतेपणाचीच थट्टा करते. उलट कोवळ्या वयाच्या वाचकाला डोडी स्मिथची ‘आय कॅप्चर द कॅसल’ (१९४८) द्यावी. पडक्या किल्ल्यांत दारिद्र्यानें राहणाऱ्या कुटुंबांतील सतरा वर्षांची कॅसँड्रा आपली रोजनिशी लिहिते. तिचा शेवट लग्नानें होत नाहीं. ज्यांना तो तसा हवा असेल त्यांची निराशा होईल, पण ती निराशा सोसण्यासारखी आहे. हेलेन फील्डिंगच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’नें (१९९६) तर डार्सीचें आडनांवसुद्धां उघडपणें उसनें घेतलें. ब्रिजेट नोकरी करते. शार्लटची अडचण तिला नाहीं, आणि तरीही ‘लग्न कधीं?’ ह्या आप्तेष्टांच्या प्रश्नापुढें ती गोगलगाय होते, एवढें त्या पुस्तकांत खरें उतरलें आहे. बाकी त्यांतील पुष्कळसा विनोद आतांच शिळा लागूं लागला आहे.

पुतणीनें गेल्या महिन्यांत ‘एमा’ पुन्हा मागून नेली. ती अजून केस कापण्याच्या प्रकरणापर्यंत पोंचलेली नाहीं असें कळतें. म्हणून हा अंक तूर्त तिच्या हातीं पडूं नये अशी तजवीज आम्ही केली आहे.