गाणे कोणत्या पक्षाचे?

डिसेंबर २०१० मध्ये इंग्लंडात एक गमतीदार, पण विचार करावयास लावणारा वाद झडला. मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या गाजलेल्या रॉक बँडचे गिटारवादक जॉनी मार यांनी तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना जाहीरपणे बजावले की, आमची गाणी आपल्याला आवडतात असे सांगत फिरणे बंद करा; ती आवडून घेण्यास तुम्हांला आमची मनाई आहे. हुजूर पक्षाचे नेते असलेल्या कॅमेरॉन यांनी २००६ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात, निर्जन बेटावर सोबत न्यावयाच्या ध्वनिमुद्रिका निवडताना, स्मिथ्सच्या एका गाण्याचे नाव घेतले होते. आठवडाभरात हा विषय पार्लमेंटात पोहोचला. मजूर पक्षाच्या एका सभासद बाईंनी प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यावरून टोला हाणला आणि पंतप्रधानांनीही स्मिथ्सच्या गाण्यांची शीर्षके गुंफून उत्तर देत सभागृहाला हसविले. दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबर रोजी, त्याच सभागृहाने विद्यापीठीय शिक्षणशुल्काची कमाल मर्यादा वर्षाला ३,२९० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेण्यास २१ मतांच्या फरकाने मंजुरी दिली. बाहेर रस्त्यावर विद्यार्थ्यांचे लोंढे होते. त्यांतील एका विद्यार्थिनीच्या अंगात स्मिथ्सचे चित्र असलेला टी-शर्ट होता. तिचे छायाचित्र पुढे बरेच गाजले. एकाच बँडची गाणी सभागृहाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे आवडती होती.

वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु गाण्यावर मालकी कोणाची, रचणाऱ्याची, पक्षाची की ऐकणाऱ्याची, हा प्रश्न त्यामागे आहे आणि तो आमच्यासारख्या श्रोत्यांना अधिक बोचतो. आम्ही ही गाणी ऐकू लागलो ती हातोहात फिरून घरघरू लागलेल्या कॅसेटींवरून. त्यांतील धुरकट, पावसाळी शहर आम्ही पाहिले नव्हते. तेथील कोणत्याही पक्षाला मत देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता आणि नाही. मजूर आणि हुजूर यांचे भांडण आमच्या घरचे नव्हे. तरीही ती गाणी आमची झाली. मार यांची मनाई एकदा रास्त मानली, तर उद्या आम्हांलाही कोणी दारात उभे करून आमचे राजकीय मत विचारू शकेल. म्हणून या प्रकरणाचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्मिथ्सचे संगीत 'इंडी रॉक' या नावाने ओळखले जाते. 'इंडी' हा 'इंडिपेन्डन्ट' म्हणजे स्वतंत्र या शब्दाचा संक्षेप होय. आज तो गिटारच्या एका विशिष्ट वळणाच्या संगीताला लावला जात असला, तरी मुळात तो व्यापारातला शब्द होता. ध्वनिमुद्रिकांचा धंदा मूठभर बड्या कंपन्यांच्या हाती असताना इंग्लंडातील काही तरुणांनी स्वतः तबकड्या काढून स्वतःच त्या दुकानोदुकानी पोहोचविण्याची व्यवस्था उभी केली. लंडनमधील 'रफ ट्रेड' हे त्यांतील ठळक नाव. १९७६ साली ते एक दुकान होते आणि १९७८ पासून ते तबकड्याही काढू लागले. जानेवारी १९८० पासून अशा तबकड्यांच्या खपाची स्वतंत्र यादी प्रसिद्ध होऊ लागली. तीत शिरकाव मिळण्याची अट संगीताच्या शैलीची नव्हती. तबकडीचे वितरण बड्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेर झालेले असावे, एवढीच होती.

१९८२ साली जमलेल्या स्मिथ्सने आपल्या चारही प्रमुख ध्वनिमुद्रिका रफ ट्रेडकडूनच काढल्या. त्यांतील १९८५ ची 'मीट इज मर्डर' इंग्लंडच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. बँडमधील चौघेही आयरिश स्थलांतरितांच्या घरांतले. गायक मॉरिसी आणि जॉनी मार हे दोघे तर मँचेस्टरच्या कष्टकरी कॅथलिक कुटुंबांत वाढलेले. शाळेतली मारझोड, कत्तलखाना, एकटेपणा, हाताला काम नसलेल्या तरुणाचे रिकामे दिवस हे त्यांच्या गाण्यांचे विषय. या गाण्यांत राजकारण नाही असे कोण म्हणेल? पण ते घोषणांचे राजकारण नव्हते. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्याच्याकडे पाहावयास लावणे, हे त्यांचे कार्य होते.

पक्षाने या संगीताचा हात धरला तो नोव्हेंबर १९८५ मध्ये. मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर सरकारविरुद्ध तरुणांची मते मजूर पक्षाकडे वळवावीत या हेतूने बिली ब्रॅग, पॉल वेलर इत्यादी गायकांनी 'रेड वेज' नावाची आघाडी स्थापन केली. रशियन क्रांतीच्या काळातील एल लिसित्स्की यांच्या प्रसिद्ध भित्तिपत्रकावरून हे नाव घेतले होते. १९८६ च्या आरंभी तिचे दौरे झाले. रात्री गाणी आणि दिवसा स्थानिक पुढाऱ्यांशी तरुणांच्या भेटी, असा तो क्रम होता. ३१ जानेवारी रोजी न्यूकॅसलच्या कार्यक्रमात स्मिथ्सही अवचित येऊन मोजकी गाणी गाऊन गेले. या मंडळींच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खाणकामगारांचा वर्षभराचा संप नुकताच मोडून पडला होता आणि बेकारी लाखांनी मोजली जात होती. अशा वेळी गायकांनी गप्प बसावे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि १९८७ च्या निवडणुकीत थॅचर सलग तिसऱ्यांदा आणि १०२ जागांच्या बहुमताने निवडून आल्या. १९९० साली रेड वेज विसर्जित झाली. राजकारण्यांनी आपला वापर करून घेतला, अशी खंत वेलर यांनी पुढे बोलून दाखविली.

हरलेल्या पक्षापेक्षा जिंकलेला पक्ष गाण्याची अधिक परीक्षा पाहतो. १ मे १९९७ रोजी टोनी ब्लेअर यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष सत्तेवर आला आणि ३० जुलै रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या मेजवानीत 'ओएसिस' या बँडचे नोएल गॅलाघर पंतप्रधानांशी हसतखेळत बोलत असल्याचे छायाचित्र जगभर गेले. त्यांच्या तबकड्या काढणाऱ्या 'क्रिएशन' या संस्थेचे संस्थापक ॲलन मॅगी यांनी पक्षाला देणगीही दिली होती. ही संस्था 'इंडी' म्हणून नावाजलेली होती खरी, परंतु १९९२ पासून तिचा ४९ टक्के हिस्सा सोनी या बड्या कंपनीकडे होता. पुढच्याच वर्षी, १९९८ साली, ब्लेअर सरकारने विद्यापीठांत वर्षाला १,००० पौंडांचे शुल्क लागू केले. २००४ च्या कायद्याने त्याची मर्यादा ३,००० पौंड झाली. मार्च १९९८ मध्येच 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ब्लेअर यांचे छायाचित्र छापून फसवणुकीचा आरोप केला.

आता २०१० च्या त्या दिवसाकडे पुन्हा पाहावे. ज्या शुल्कवाढीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, त्या शुल्काची सुरुवात गायकांनी डोक्यावर घेतलेल्या पक्षानेच केली होती. गाणे एका पक्षाच्या दावणीला बांधले, की त्या पक्षाच्या चुकांविषयी बोलताना त्याची जीभ जड होते. विरोधी पक्षाला सुनावणारी गाणी पुष्कळ असतात. आपल्याच बाजूच्या माणसाला अस्वस्थ करणारे गाणे विरळा, आणि कस लागतो तो तेथेच.

जॉनी मार यांच्या मनाईमागील संताप आम्ही समजू शकतो. ज्यांच्या व्यथा आपण गायिल्या, त्यांच्याच खिशात हात घालणाऱ्याने आपली स्तुती करावी, हे कोणत्याही कलावंताच्या जिवाला लागेल. परंतु तत्त्व म्हणून ती मनाई टिकत नाही. गाणे लोकांच्या हवाली केल्यावर ते कोणाच्या काळजाला भिडावे हे ठरविणे रचणाऱ्याच्या हाती राहत नाही. याउलट पॉल वेलर यांचे उत्तर आम्हांला अधिक मोलाचे वाटते. 'द जॅम' या त्यांच्या पहिल्या बँडचे १९७९ सालचे 'द ईटन रायफल्स' हे गाणे ईटन या श्रीमंतांच्या शाळेच्या वर्गगर्वावर कोरडे ओढते. खुद्द ईटनमध्ये शिकलेल्या कॅमेरॉन यांनी २००८ साली ते आपल्या आवडीचे असल्याचे सांगितले, तेव्हा वेलर यांनी मनाई केली नाही. यातला कोणता भाग तुम्हांला कळला नाही, एवढेच त्यांनी विचारले. मनाई श्रोत्याला दाराबाहेर काढते. प्रश्न त्याला आत बोलावून गाणे पुन्हा नीट ऐकावयास लावतो.

हाच प्रश्न पुढे आमच्यासमोर उभा ठाकला, आणि या वेळी गायकच पलीकडच्या बाजूला होता. २०१८ साली मॉरिसी यांनी 'फॉर ब्रिटन' या इस्लामविरोधी आणि स्थलांतराला कडवा विरोध करणाऱ्या छोट्या पक्षाला पाठिंबा जाहीर केला. मे २०१९ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ते त्या पक्षाचा बिल्ला लावून गायिले. कार्डिफमधील स्पिलर्स या जुन्या दुकानाने त्यांच्या तबकड्या विकणे थांबविले आणि लिव्हरपूलच्या रेल्वे स्थानकांवरून त्यांच्या जाहिराती उतरविल्या गेल्या. वंशद्वेषाचा आरोप मॉरिसी यांनी नेहमीच फेटाळला आहे. तो पक्षही २०२२ मध्ये विसर्जित झाला. परंतु आमच्या मनातील सल त्याने गेला नाही. परक्या देशात पोटासाठी आलेल्या आईबापांच्या मुलाने अशा पक्षाचा बिल्ला लावावा, आणि आमच्यासारख्या सावळ्या वर्णाच्या श्रोत्यांनी त्याच्या जुन्या गाण्यांवर पूर्वीसारखेच प्रेम करावे, हे सहज घडणारे नव्हे.

तबकड्या फेकून देणारे आमचे मित्र आहेत. गाणे वेगळे आणि माणूस वेगळा, असे म्हणून मोकळे होणारेही आहेत. आम्हांला दोन्ही मार्ग सोयीचे वाटतात, पुरेसे वाटत नाहीत. फेकून देणे ही मार यांचीच मनाई, फक्त उलट दिशेने. आणि डोळे मिटून ऐकणे म्हणजे कॅमेरॉन यांच्यासारखी कानाआडची आवड. आम्ही वेलर यांचा प्रश्न उचलतो आणि तो मॉरिसी यांनाच विचारतो: कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या परक्या मुलाविषयी तुम्ही जे गायिलात, त्यातला कोणता भाग तुम्हांला आता आठवत नाही? हा प्रश्न विचारण्याचे बळ आम्हांला त्याच गाण्यांनी दिले आहे. ती फेकून दिली, तर प्रश्नही हातचा जाईल.

कलावंताला काहीच अधिकार नाही, असा याचा अर्थ नव्हे. डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत स्मिथ्सचे एक गाणे वाजविल्याचे जानेवारी २०२४ मध्ये उघडकीस आले, तेव्हा मार यांनी ते बंद पाडण्याचा निर्धार जाहीर केला. तो आम्हांला सर्वस्वी योग्य वाटतो. एखाद्याने घरी बसून गाणे ऐकणे आणि पुढाऱ्याने व्यासपीठावर येताना ते वाजविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आवड आहे; दुसरीत न दिलेल्या संमतीचा देखावा आहे. आपले नाव वापरू देण्यास नकार देणे हा कलावंताचा हक्क, पण आवडीवर पहारा बसविणे हा त्याचा हक्क नव्हे.

'इंडी' या शब्दातील स्वातंत्र्य एकेकाळी बड्या कंपन्यांपासूनचे होते. आज गाणी ज्या मार्गांनी आमच्यापर्यंत पोहोचतात ते मार्ग बहुतांशी बड्यांच्याच हाती आहेत, त्यामुळे तो अर्थ पुसट झाला आहे. उरला आहे तो दुसरा अर्थ: आपल्या माणसालाही अडचणीचा प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य. गायकाने पक्षाला मत जरूर द्यावे, हवे तर त्याच्यासाठी सभाही घ्यावी. तो नागरिक आहे. गाणे मात्र त्याने पक्षाच्या नावे लिहून देऊ नये. आणि आम्ही श्रोत्यांनी, एखादे गाणे फार आवडले, तर ते आपल्याविषयी काय म्हणते आहे हेही ऐकून घ्यावे.