पूर्व की पश्चिम?

खिडकीतली बटणं, लेबलं माऊसने ओढायची आणि दिसेल तिथे चिकटवायची, ही सवय आम्हाला १९९८च्या व्हिज्युअल बेसिक ६ने लावली. इंग्रजीत ते देखणं दिसतं. त्याच सवयीने मराठी फॉर्म केला की बघा काय होतं. ठरावीक रुंदीच्या लेबलात ‘डोंबिवली (पूर्व)’ मावत नाही. कंस कापला जातो, नुसतं डोंबिवली उरतं, आणि कुरिअरवाला पूल चढून भलत्याच बाजूला! उंची कमी पडली तर रफार छाटला जातो, ते वेगळंच.

पायथनच्या टीके-इंटरमध्ये पॅक, ग्रिड आणि प्लेस अशा तीन रीती आहेत. प्लेस म्हणजे तीच जुनी खोड: एक्स-वाय सांगा, खिळा ठोका. ग्रिड आधी लेबलाला विचारतो, तुला जागा किती हवी? मग लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे शेजारी सरकतात. अर्थात ग्रिडही लहरी. वेट आणि स्टिकी दिलं नाही, तर खिडकी कितीही ताणा, आतले रकाने आखडूनच बसतात, आणि तो चूक दाखवत नाही.

तरी आम्ही वर्गात पहिल्या दिवशी प्लेसच शिकवत आलो. फळ्यावर लवकर उरकतं ना!