लोज्बान भाषेंतील नकारविचार

‘सर्वांनीं वर्गणी दिली नाहीं’ असें वाक्य एखाद्या मंडळाच्या अहवालांत आलें, तर ती कोणीच दिली नाहीं, कीं कांहींनींच दिली नाहीं, असा संशय उरतो. आणि वेळेवर पैसे भरणाऱ्यावर नाहक बालंट येतें. नकाराची सत्ता कोठवर चालते, याची खूण त्या वाक्यांत नाहीं. असले संशय मुळांतच नाहींसे करण्याच्या हेतूनें रचलेली कृत्रिम भाषा म्हणजे लोज्बान. जेम्स कुक ब्राउन यांनीं १९५५ सालीं आरंभिलेल्या लॉगलान भाषेपासून ती निघाली. जॉन कोवन यांनीं लिहिलेलें तिचें सविस्तर व्याकरण १९९७ सालीं प्रसिद्ध झालें.

त्यांतील नकारविचार खरोखर सूक्ष्म आहे. ‘मेल्बी’ म्हणजे सुंदर. ‘ना मेल्बी’ म्हटलें कीं ‘सुंदर आहे’ हें विधान खोटें ठरतें. ‘नाहे मेल्बी’ म्हणजे सुंदराहून निराळें कांहीं. ‘नोहे मेल्बी’ म्हणजे मधलें, सुंदरही नव्हे आणि कुरूपही नव्हे. ‘तोहे मेल्बी’ म्हणजे कुरूप. पहिल्या दोहोंवरून आपल्या शास्त्रकारांच्या प्रसज्यप्रतिषेधाची व पर्युदासाची आठवण सहजच होते.

खरी परीक्षा मात्र नकाराच्या क्षेत्राची. ‘रो प्रेनू’ म्हणजे प्रत्येक मनुष्य व ‘क्लामा’ म्हणजे येणें. ‘रो प्रेनू नाकू क्लामा’ यांत नकार ‘रो’च्या मागून येतो, म्हणून अर्थ, कोणीच येत नाहीं. ‘नाकू’ आरंभीं नेला, तर सर्वच येतात असें नाहीं. पहिलाच अर्थ राखून तो पुढें न्यावयाचा, तर ‘रो’च्या जागीं ‘सुहो’, म्हणजे ‘निदान एक’, घालावें लागतें. येथवर सारें चोख आहे: शब्द जेथें उभा, तेथूनच त्याचा अंमल.

परंतु क्रियापदापाशीं येणारा साधा ‘ना’ या व्याकरणाप्रमाणें वाक्यारंभीं असल्यासारखा वागतो. ‘रो प्रेनू ना क्लामा’ याचा अर्थ ‘सर्वच येतात असें नाहीं’! ‘असूर्यंपश्या’ या पदांत नकार चिकटला सूर्याला आणि अर्थानें गेला पाहण्याकडे. वैयाकरणांनीं तो अपवाद म्हणून पत्करला. येथें अपवादाचाच नियम झाला आहे. अर्थ एकच निघतो हें खरें, पण तो नियम पाठ असणारालाच. इतरांना डोळ्यांपुढचा शब्दक्रम चकवितो. नवी भाषा रचणारास जुन्या भाषांचे दोष टाळण्याची मोकळीक असते. ती येथें पुरती वापरली गेली नाहीं. उपाय मात्र त्याच व्याकरणांत आहे: अभ्यासकानें ‘ना’पेक्षां ‘नाकू’च जवळ करावा.